नाव एक, करार वेगळा: अनेक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी

कोणताही प्रोग्राम स्वतःच्या हाताने फाइल उघडत नाही. पडद्यावर अक्षर उमटवणे, डिस्कवर चार बाइट लिहिणे, दुसऱ्या संगणकाशी बोलणे, किती वाजले ते विचारणे, अशा प्रत्येक कामासाठी त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करावा लागतो. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड, आयओएस या सगळ्यांकडे असे अर्ज घेणाऱ्या खिडक्या आहेत. मात्र खिडक्यांची नावे वेगळी, अर्जाचे नमुने वेगळे आणि मंजुरीच्या अटीही वेगळ्या. एकच सॉफ्टवेअर या सगळीकडे चालवायचे, तर या फरकांची व्यवस्था कोणीतरी आणि कुठेतरी लावावी लागते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे भाषांतराचे काम वाटते आणि काही अंशी ते तसे आहेही. एका सिस्टिमवरचे काम दुसरीवर कोणत्या नावाने होते ते शोधायचे आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ थर घालायचा. यात कष्ट आहेत, पण वाट सरळ आहे. नाव चुकले तर प्रोग्राम बांधलाच जात नाही, त्यामुळे चूक लगेच हाती लागते. खरी मेख दुसरीकडे आहे. नाव तेच, अर्जही तोच, पण त्यामागचे वचन वेगळे, अशा जागा शेकड्यांनी सापडतात. तिथे प्रोग्राम बांधला जातो, चालतो, चाचण्यांतूनही पार पडतो आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी टेबलावर तोंडघशी पडतो.

या प्रश्नाचा इतिहास युनिक्सपाशी सुरू करणे सोयीचे आहे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९मध्ये युनिक्स लिहायला घेतली ती पीडीपी-७ या यंत्राच्या असेम्ब्ली भाषेत. त्या काळी हाच रिवाज होता. यंत्र मोडीत निघाले की त्याची सिस्टिमही त्याच्याबरोबर जाई. १९७३मध्ये युनिक्सचा गाभा डेनिस रिची यांच्या सी भाषेत नव्याने लिहिला गेला आणि सिस्टिम यंत्रापासून सुटी होण्याची शक्यता निर्माण झाली. रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी सी भाषेतले प्रोग्राम इतर यंत्रांवर नेऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की यंत्राच्या रचनेइतकाच अडथळा तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमचाही होतो. त्यांनी काढलेला तोडगा धाडसी होता. प्रोग्राम परक्या सिस्टिमशी जुळवत बसण्यापेक्षा सिस्टिमच उचलून नव्या यंत्रावर न्यायची. १९७७च्या सुमारास बेल लॅब्समध्ये इंटरडेटा ८/३२ वर आणि ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात इंटरडेटा ७/३२ वर, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, युनिक्स उतरवली गेली. या तोडग्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

त्या स्थलांतरांच्या काळातली एक अडचण अजून नावानिशी सांगितली जाते. एकाहून अधिक बाइटांची संख्या मेमरीत ठेवताना मोठा भाग आधी ठेवायचा की लहान, याबद्दल यंत्रांचे एकमत नव्हते. जोडीजोडीने बाइट उलटले की यू-एन-आय-एक्स या अक्षरांचे एन-यू-एक्स-आय होते, म्हणून अडचणीचे नाव ‘नुक्सी’ पडले. डॅनी कोहेन यांनी १९८०मध्ये या भांडणाला जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरच्या कथेतील, अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लढणाऱ्यांची नावे दिली आणि ती नावे रूढ झाली. आज बहुतेक वैयक्तिक संगणक आणि फोन लहान टोक आधी ठेवतात. तरी फाइलचा नमुना ठरवताना क्रम लिहून ठेवावाच लागतो.

सी भाषेने यंत्रे जवळ आणली, पण तिच्या मूळ व्याख्येत मुद्दाम सैलपणा ठेवलेला होता. ‘लाँग’ या संख्याप्रकाराची लांबी किती हे भाषा नेमके सांगत नाही, किमान मर्यादा तेवढी घालून देते. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकओएसवर ‘लाँग’ आठ बाइटांचा आहे, ६४ बिटांच्याच विंडोजवर चार बाइटांचा. तीन अब्जांची संख्या एकीकडे सुखाने मावते, दुसरीकडे ऋण होऊन बाहेर येते. ‘कॅर’ या एका बाइटाच्या प्रकाराला ऋण किंमत घेता येते की नाही, हेही प्रोसेसर आणि सिस्टिम पाहून ठरते. इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर येते, एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सवर सहसा येत नाही. नेमक्या लांबीचे संख्याप्रकार १९९९च्या सी प्रमाणकात आले आणि जाणते प्रोग्रामर तेच वापरतात. जुन्या कोडचे डोंगर मात्र तसेच उभे आहेत.

फाइल ही त्याहून मोठी आणि रंजक भानगड आहे, कारण इथे प्रत्येक सिस्टिम आपापला भूतकाळ ओढत आणते. ओळ संपल्याची खूण घ्या. टेलिप्रिंटरवर ओळ संपली की छापणारा भाग डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दोन वेगळी कामे होती, म्हणून चिन्हेही दोन. डॉस आणि विंडोजने दोन्ही ठेवली. युनिक्सने फक्त कागद सरकवण्याचे चिन्ह ठेवले. मॅकने नववी आवृत्ती संपेपर्यंत फक्त परत आणण्याचे चिन्ह वापरले. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सच्या पद्धतीच्या ओळी नीट दाखवता येऊ लागल्या त्या थेट २०१८मध्ये. उलट दिशेचा प्रकार अधिक छळवादी असतो. विंडोजवर जतन केलेली आदेशांची फाइल लिनक्सवर चालवायला गेले की पहिल्याच ओळीवर, असा कोणताही प्रोग्राम अस्तित्वात नाही, अशी तक्रार येते. प्रोग्राम तर समोर दिसत असतो. त्याच्या नावाला शेपटीसारखे चिकटलेले चिन्ह मात्र पडद्यावर दिसत नाही, आणि नवखा माणूस अख्खी दुपार त्यापायी घालवतो.

फोल्डरांची नावे वेगळी करणारी तिरकी रेघही अशीच. १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच आणि / हे चिन्ह आदेशांच्या पर्यायांसाठी खर्ची पडले होते. १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा उलटी रेघ \ घ्यावी लागली. डॉसच्या पूर्वीपासून काही नावे उपकरणांसाठी राखीव होती आणि त्यांचे भूत अजून उतरलेले नाही. सी-ओ-एन या नावाची फाइल विंडोजवर नेहमीच्या मार्गाने तयार होत नाही. लिनक्सवर बनवलेल्या संचात अशी एखादी फाइल असली, की विंडोजवरचा माणूस तो संच पूर्ण उघडू शकत नाही. रोमन लिपीतल्या लहानमोठ्या अक्षरांचेही तेच. लिनक्स त्यांना वेगळी नावे मानते. विंडोज आणि मॅक सहसा लिहिले तसे जपतात, पण शोधताना भेद करत नाहीत. खुद्द लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, मूळ कोडमध्ये केवळ या भेदावर वेगळ्या ठरणाऱ्या फाइलींच्या जोड्या आहेत. साध्या विंडोज फोल्डरात उतरवल्यावर जोडीतली एक दुसरीवर चढते.

हे फरक निदान डोळ्यांना दिसतात. वचनातला फरक पाहायचा तर फाइल पुसण्याकडे पाहावे. युनिक्सच्या कुळात उघडी असलेली फाइल पुसता येते. नाव जाते, मजकूर वापरणाऱ्याचे काम संपेपर्यंत राहतो. विंडोजवर, उघडणाऱ्याने उघडताना तशी मुभा दिली नसेल, तर हीच विनंती नाकारली जाते. म्हणून चालू असतानाच स्वतःची नवी आवृत्ती जुन्या जागी ठेवणारा प्रोग्राम लिनक्सवर काही ओळींत जमतो आणि विंडोजवर त्यासाठी सहसा वेगळा मदतनीस प्रोग्राम लागतो.

याहून गंभीर उदाहरण ‘एफसिंक’ या विनंतीचे. लिहिलेले डिस्कवर खरोखर पोचवा, असा तिचा अर्थ लावला जातो. पण मॅकओएसवर ही विनंती मजकूर डिस्कच्या स्वाधीन करून थांबते. डिस्क तो स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवून नंतर लिहू शकते, आणि तेवढ्यात वीज गेली तर लिहिलेले हरवते. पक्की खात्री हवी तर ‘फुलएफसिंक’ नावाची वेगळी आज्ञा आहे, आणि ती संथ आहे. हा फरक प्रोग्राम बांधणाऱ्या कोणत्याही कंपायलरला पकडता येत नाही, साध्या चाचणीलाही नाही. चाचणी चालू असताना मुद्दाम वीज तोडणारे विरळाच.

रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेली एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. ती जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, ब्राउझरांत आहे. तिच्या रचनेत ऑपरेटिंग सिस्टिमशी होणारे सगळे बोलणे एका थरातून जाते. फाइल उघडणे, कुलूप लावणे, डिस्कवर पोचवणे एवढ्या मोजक्या गोष्टी त्या थराला येतात. वरचा सारा भाग आपण कोणत्या घरात राहतो याबद्दल अनभिज्ञ असतो. मॅकवरची पक्की नोंद हवी असेल तर त्यासाठी स्वतंत्र सेटिंग दिलेले आहे. डेटाबेसच्या फाइलमध्ये संख्यांचा बाइटक्रम कायमचा ठरवून दिला आहे, त्यामुळे फोनवरची फाइल कोणत्याही बदलाविना सर्व्हरवर उघडते. डोनाल्ड नूथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये याच्याही पुढे जाऊन काळजी घेतली. दशांशांचे हिशेब वेगवेगळी यंत्रे शेवटच्या अंकात वेगळे करतात, म्हणून ओळ कुठे तोडायची याचे गणित त्यांनी पूर्णांकांत केले आणि लांबीचे एकक पॉइंटचा ६५,५३६वा भाग इतके बारीक धरले. चाळीस वर्षांपूर्वीचा मजकूर आजच्या यंत्रावरही त्याच जागी ओळ तोडतो. जिथे उत्तर सगळीकडे एकच यायला हवे तिथे सिस्टिमवर विसंबायचे नाही, हा या दोन्ही प्रोग्रामांचा बाणा आहे.

मजकुराकडे वळले की मराठी वाचकाला हा प्रश्न घरचा वाटू लागेल. युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी मजकूर बहुधा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेल्या फाँटमध्ये लिहिला जाई. तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला, पण तो क्रमांक साठवायचा कसा यावर पुन्हा घरे फुटली. १९९३ची विंडोज एनटी घडत होती तेव्हा १६ बिट सर्व लिप्यांना पुरतील असा समज होता, आणि तिच्या गाभ्यात तोच आकार बसला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखलेली यूटीएफ-८ पद्धत युनिक्सच्या कुळाने स्वीकारली. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना एकच जोडाक्षर आहे. युनिकोडमध्ये ते सहा क्रमांकांचे बनते, यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट घेते, विंडोजच्या पद्धतीत बारा, आणि लिनक्सवरच्या सी भाषेच्या रुंद अक्षरप्रकारात चोवीस. ‘या शब्दाची लांबी किती’ या प्रश्नाला इतकी उत्तरे निघाल्यावर, लांबीवर विसंबणारा प्रत्येक प्रोग्राम कुठेतरी अडखळणारच. २०१४मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आलेली मोडी लिपी तर १६ बिटांच्या पलीकडच्या प्रदेशात आहे. तिचे प्रत्येक चिन्ह विंडोजच्या पद्धतीत १६ बिटांची दोन घरे घेते. देवनागरीवर चोख चालणारा, पण एक घर म्हणजे एक चिन्ह असे धरून चाललेला प्रोग्राम मोडीचे अक्षर मधोमध कापतो.

फाइलच्या नावांना याचा थेट फटका बसतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर तीच २५५ची मर्यादा १६ बिटांच्या घरांत मोजतात, म्हणून तिथे देवनागरीची २५५ चिन्हे बसतात. सरकारी परिपत्रकाचे अख्खे शीर्षक फाइलला देण्याची सवय असलेल्यांच्या फाइली लिनक्सच्या सर्व्हरवर का चढत नाहीत, याचे कारण इथे सापडते.

‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘पोहरा’चे ‘पोहऱ्यात’ या शब्दांतला अर्धा र हा मराठीचा खास मामला. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून; दुसरा, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण युनिकोडच्या नियमांनी ते समान ठरत नाहीत. कोणता कीबोर्ड कोणता प्रकार उमटवतो हे सिस्टिमवर अवलंबून, त्यामुळे एका संगणकावर भरलेले ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या संगणकावरून शोधल्यास यादीत असूनही सापडत नाही. यात जुन्या मॅकची आणखी एक भर. तिथली एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम ऱ ला फोडून र आणि नुक्ता असे वेगवेगळे साठवत असे. फाइल ज्या नावाने ठेवली त्याच नावाने परत येईल, हे लिनक्सवर गृहीत धरलेले वचन तिथे पाळले जात नव्हते.

स्थानिक रिवाजांचे तपशील थोडक्यात सांगता येतील. भारतीय वेळेला विंडोज ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणते, लिनक्स आणि मॅक ‘एशिया/कोलकाता’. दोन्ही नावांची सांगड घालणारा तक्ता युनिकोड संघाला सांभाळावा लागतो. त्याच संघाच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहानुसार मराठी निवडले की आकडे देवनागरीत उमटतात. सी भाषेचा साधा छापण्याचा आदेश मात्र इंग्रजी आकडेच देतो. एका भागाने छापलेली ‘१,२३,४५६’ ही रक्कम दुसरा भाग संख्या म्हणून वाचायला गेला, की हिशेब तिथेच अडतो.

प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम सुरू करणे आणि एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळणे, या दोन कामांत युनिक्स आणि विंडोज यांची विचारसरणीच निराळी आहे. युनिक्सचा प्रोग्राम आधी स्वतःची हुबेहूब प्रत काढतो आणि मग त्या प्रतीचे रूप बदलतो. विंडोज थेट नवा प्रोग्राम उभा करते. जोडण्यांच्या बाबतीत लिनक्स आणि मॅक ‘आता वाचता येईल’ असे कळवतात, विंडोजची यंत्रणा ‘वाचून झाले’ असे कळवते. नोड या जावास्क्रिप्ट व्यवस्थेला २०११मध्ये विंडोजवर नेताना हा विरोध मिटवण्यासाठी लिबयूव्ही ही लायब्ररी उभी राहिली. तिने ‘वाचून झाले’ हीच भाषा सर्वत्र धरली. तयारीच्या सूचनेवरून पूर्ततेची सूचना बनवणे सोपे आहे, उलट दिशा अवघड.

आतापर्यंतचे फरक शक्य तितके झाकावेत असे होते. पडद्यावरच्या रूपाचे गणित उलटे आहे. तिथे वापरणाऱ्याला आपल्या सिस्टिमचे वळण हवे असते. शेवटची खिडकी बंद केली तरी मॅकवर प्रोग्राम चालू राहतो, विंडोजवर सहसा संपतो. होकाराचे बटण विंडोजवर रद्द करण्याच्या बटणाच्या डावीकडे, मॅकवर उजवीकडे. १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या वर्डचाच कोड वापरून मॅकसाठी वर्ड ६ काढले. ते संथ होते आणि मॅकवर परके वाटत होते. लोक जुन्या ५.१ आवृत्तीला चिकटून राहिले आणि पुढे कंपनीने मॅकसाठी वेगळा विभाग उभारला. जावा या भाषेची गोष्ट हिंदोळ्यासारखी आहे. १९९५मध्ये ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ अशा घोषणेसह ती आली तेव्हा बटणे प्रत्येक सिस्टिमचीच वापरत होती, पण सर्वांकडे असलेल्याच गोष्टी देता येत असल्याने हात बांधलेले राहिले. मग जावाच्याच स्विंग या नव्या संचाने सगळे स्वतः रंगवले आणि ते सगळीकडे सारखेच परके दिसू लागले. जावातच लिहिलेल्या २००१च्या एक्लिप्सने पुन्हा सिस्टिमच्या बटणांकडे धाव घेतली. आजची इलेक्ट्रॉन ही चौकट प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खा ब्राउझर पाठवते. प्रोग्रामरांचा वेळ वाचतो आणि त्याचे बिल वापरणाऱ्याच्या मेमरीवर फाडले जाते. ड्रॉपबॉक्सने २०१३पासून अँड्रॉइड आणि आयफोनसाठी सी प्लस प्लसमध्ये सामाईक कोड ठेवला होता. २०१९मध्ये त्यांनी जाहीर केले की ती पद्धत सोडून दोन्हीकडे वेगळे लिहिले जाते. सामाईक कोडसाठी साधने स्वतः घडवावी लागत होती आणि ती सांभाळणारी माणसे मिळणे कठीण होते. दोनदा लिहिणे स्वस्त पडले.

प्रोसेसर बदलला की सिस्टिम तीच असूनही जुने दोष वर येतात. मेमरीत केलेल्या नोंदी प्रोसेसरच्या इतर कोरना कोणत्या क्रमाने दिसतील याबाबत इंटेलची यंत्रे कडक आहेत, एआरएम सैल. वर्षानुवर्षे केवळ त्या कडकपणामुळे बिनबोभाट चाललेला कोड एआरएमवर मधूनच चुकतो, तोही रोज नाही. ॲपलने २०२०मध्ये एम१ चिप आणली तेव्हा इंटेलसाठीचे प्रोग्राम चालवण्याकरिता चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळण्याची सोय ठेवली. लिनक्सपुरते पाहिले तरी एकवाक्यता नाहीच. नव्या वितरणावर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर सी लायब्ररीची नवी आवृत्ती मागतो आणि सुरूच होत नाही. म्हणून अनुभवी मंडळी मुद्दाम सर्वांत जुन्या वितरणावर बांधतात.

प्रमाणकाने हे सगळे मिटेल अशी आशा १९८८च्या पॉझिक्स या प्रमाणकातून व्यक्त झाली. युनिक्सच्या कुळात त्याचा मोठा उपयोग झाला. विंडोज एनटीमध्येही १९९३पासून पॉझिक्सची एक उपव्यवस्था होती, अमेरिकी सरकारच्या खरेदीच्या अटी पुऱ्या करण्यापुरती आणि तेवढीच कामाची. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने याच दिशेने खरा नेट लावला. विंडोजमध्ये असा थर बांधला की लिनक्सच्या प्रोग्रामने केलेली प्रत्येक विनंती विंडोजच्या गाभ्याला कळेल अशा रूपात बदलली जाईल. ज्यांच्याकडे विंडोजचा मूळ कोड होता त्यांनाही हे पुरते साधले नाही. असंख्य बारीक फाइलींची कामे रेंगाळत होती आणि लिनक्स कर्नलच्या खास सोयी मागणारे प्रोग्राम चालत नव्हते. फाइलनावांतला लहानमोठ्या अक्षरांचा भेद एकेका फोल्डरापुरता चालू करण्याची सोय २०१८मध्ये करावी लागली ती याच खटाटोपात. २०१९मध्ये या व्यवस्थेची दुसरी आवृत्ती जाहीर झाली आणि तिच्यात भाषांतर सोडून देऊन लिनक्सचे कर्नलच एका हलक्या आभासी यंत्रात विंडोजच्या पोटात बसवले गेले. रिची आणि जॉन्सन यांनी इंटरडेटासाठी काढलेला तोडगा तोच होता. दोन्ही बाजूंच्या फाइलींची देवाणघेवाण मात्र संथ राहिली. लिनक्सच्या साधनांनी ज्या फाइलींवर काम करायचे त्या लिनक्सच्याच बाजूला ठेवाव्यात, अशी सूचना मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शिकेत आहे.